झारा, गाळणी आणि ‘ते हे’: पाळी जाण्याच्या वर्षांत शब्द अडतात तेव्हा काय करायचं

कढईत तेल तापलंय, पुरी फुगून वर आलीय, आणि तुम्ही मागे हात करून म्हणता, “अगं ते दे गं… ते हे… तळायचं, भोकाभोकांचं.” मुलगी झारा हातात देते. झारा हा शब्द तुम्ही लहानपणापासून वापरताय. वस्तू डोळ्यांपुढे उभी आहे, तिचा उपयोग माहीत आहे, कुठल्या खणात आहे तेही माहीत आहे. तिच्या नावाचा आवाज तेवढा तोंडापर्यंत पोचला नाही. दहा मिनिटांनी भांडी विसळताना तो आपोआप येतो.

चाळिशी ओलांडली, पाळी पुढेमागे व्हायला लागली आणि हे आठवड्यातून चार-पाच वेळा घडू लागलं, की बायका मनातल्या मनात घाबरतात. आईला किंवा सासूला शेवटी स्मृतिभ्रंश झालेला असेल तर जास्तच. म्हणून आधी हे स्पष्ट करायला हवं: या वयात शब्द अडणं, वाक्य मध्येच सुटणं, आपण खोलीत कशाला आलो ते न आठवणं हे फार बायकांना होतं. त्याला शारीरिक कारणं आहेत आणि त्यातली बरीचशी हाताळता येतात.

भारतात पाळी कायमची जाण्याचं सरासरी वय साधारण ४६-४७ आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१च्या आसपास धरतात. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं म्हणायचं. त्याआधीची चार ते आठ वर्षं म्हणजे पेरिमेनोपॉज. म्हणजे आपल्याकडे शब्द अडण्याचं, विसरण्याचं हे डोक्यातलं धुकं ४१-४२व्या वर्षीही सुरू होऊ शकतं. त्या वयात ‘मेनोपॉजला अजून वेळ आहे’ असं घरचे म्हणतात, आणि कधीकधी डॉक्टरही म्हणतात.

डोक्यात नेमकं काय होतं

इस्ट्रोजेन हे फक्त गर्भाशयाचं हार्मोन नाही. नवीन गोष्टी साठवणारा मेंदूचा भाग हिप्पोकॅम्पस, आणि लक्ष धरून ठेवणारा, योग्य शब्द निवडणारा कपाळामागचा भाग, या दोन्हींमध्ये इस्ट्रोजेन ओळखणाऱ्या पेशी आहेत. या वर्षांत ते हळूहळू उतारावरून खाली येत नाही. एका महिन्यात उसळतं, पुढच्या महिन्यात कोसळतं. मेंदूला या चढउताराशी जुळवून घ्यायला वेळ लागतो.

अमेरिकेत १९९६ साली ‘स्वान’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात त्याच बायकांच्या वर्षानुवर्षं चाचण्या घेतल्या गेल्या. दोन हजारांहून अधिक बायकांच्या नोंदींवरून २००९ मध्ये असं दिसलं, की पाळी जाण्याच्या काळात नवीन शिकण्याचा वेग मंदावतो आणि पाळी गेल्यानंतर तो पुन्हा पूर्वीसारखा होतो. घाबरलेल्या बाईला सांगायची पहिली गोष्ट हीच आहे.

आता शब्दाबद्दल. डोक्यात प्रत्येक शब्दाचे दोन भाग असतात, अर्थ आणि आवाज. ‘अगदी ओठावर आहे’ असं वाटतं तेव्हा अर्थ सापडलेला असतो, आवाजाकडे जाणारी वाट तेवढी बारीक झालेली असते. कमी वापरातले शब्द आणि माणसांची नावं सगळ्यात आधी अडतात. नावाला अर्थाचा आधार नसतो, म्हणून असं होतं. एखादा माणूस कुंभारकाम करतो हे लक्षात राहतं, कारण चाक, माती, मडकी असं सगळं चित्र त्याला चिकटलेलं असतं. एखाद्याचं आडनाव कुंभार आहे हे मात्र निसटतं.

शब्द अडला त्या क्षणी

हा क्षण नीट हाताळता आला तर अर्धी भीती कमी होते. क्रम असा ठेवा.

१. दोन सेकंद थांबा, श्वास सावकाश सोडा. “चमचा… नाही, उलथनं… नाही, चमचा…” असं चुकीच्या शब्दांमागे धावू नका. चुकीचा शब्द जितक्या वेळा म्हणाल तितका तो डोक्यात मोठ्याने वाजतो आणि बरोबर शब्दाची वाट अडवतो.

२. काम, आकार, जागा या तीन गोष्टी सांगा. “तळलेलं काढायचं, भोकांचं, खालच्या खणातलं.” समोरच्याला कळतं आणि बोलणं अडत नाही. शिवाय अर्थाच्या बाजूने जोर लागल्यामुळे बरेचदा शब्दही येतो. ‘ते हे’ एवढ्यावरच थांबलात तर समोरच्याला काहीच हाती लागत नाही आणि तुमची चिडचिड वाढते.

३. तरीही नाही आला तर क-च-ट-त-प करा. आपली वर्णमाला तोंडातल्या जागेप्रमाणे लावलेली आहे, आणि त्याचा इथे छान फायदा होतो. सगळी बाराखडी घोकायची गरज नाही. आधी पाच वर्गांची पहिली अक्षरं मनात म्हणा: क, च, ट, त, प. मग य, र, ल, व, श, स, ह. शेवटी स्वर. एखाद्या अक्षरापाशी ‘इथेच कुठेतरी’ असं वाटतं. तिथे थांबून तो वर्ग पूर्ण म्हणा: च, छ, ज, झ… झा… झारा. पहिला आवाज मिळाला की बाकीचा शब्द ओढल्यासारखा येतो. सगळ्याला पंधरा सेकंद पुरतात.

४. दुसऱ्या भाषेतला शब्द आला तर तोच वापरा. मराठी घरात, हिंदी बाजारात आणि इंग्रजी ऑफिसात बोलणाऱ्या बाईचे शब्द तीन ठिकाणी वाटलेले असतात. प्रत्येक भाषेतला शब्द त्यामुळे थोडा कमी वापरला जातो. दोन-तीन भाषा बोलणाऱ्यांना ओठावर अडण्याचा अनुभव एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा जास्त येतो, तरुणपणीही. ‘गाळणी’ऐवजी ‘छन्नी’ तोंडात आली तर चहा तेवढाच चांगला गाळला जातो.

५. अर्ध्या मिनिटात नाही आला, तर सोडा आणि विचारा. किंवा फोनवर शोधा. मिळाला की तीनदा मोठ्याने म्हणा आणि एका वाक्यात वापरा.

पाचव्या पायरीबद्दल बायका हटकून वाद घालतात. “असं विचारत राहिले तर डोकं आळशी होईल, माझं मलाच आठवलं पाहिजे.” कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात २००८ मध्ये हेच तपासलं गेलं. शब्द अडलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना दहा सेकंदांनी उत्तर सांगितलं, काहींना तीस सेकंद झगडू दिलं. दोन दिवसांनी, जे जास्त वेळ झगडले होते तेच त्याच शब्दावर पुन्हा अडण्याची शक्यता जास्त होती. अडून राहण्याचाही सराव होतो. म्हणून दातओठ खाऊन आठवत बसू नका. कुणी पहिलं अक्षर सुचवायला असेल तर ते सगळ्यात उत्तम, कारण मग उरलेली वाट तुम्ही स्वतः चालता.

नावांसाठी आपल्या भाषेत एक सोय आहेच. ताई, काकू, वहिनी, दादा म्हणून हाक मारली की लग्नाच्या हॉलमध्ये नाव न आठवताही बोलणं सुरू राहतं. पण ज्या नावावर वारंवार अडता ते नुसतं टाळत राहू नका. त्याला एक चित्र चिकटवा. शेवंता नावाच्या बाईच्या केसांत शेवंतीची वेणी कल्पनेत माळा. चित्र जितकं ठळक, तितका नावाला अर्थाचा आधार मिळतो.

चारचौघांत बोलायचं असेल तेव्हा

बचतगटाची सभा, पालकसभा, ऑफिसातलं प्रेझेंटेशन अशा ठिकाणी अडलं की फार लागतं. तयारी अशी करा. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर चार नावं, पाच कठीण शब्द आणि दोन आकडे मोठ्या अक्षरात लिहा. त्या दिवशी सकाळी ते दोनदा मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचून अर्थाची वाट मोकळी होते, आवाजाची नाही. तोंडाने म्हटलेला शब्द पुढचे काही तास हाताशी राहतो. पहिलं वाक्य पूर्ण लिहून ठेवा. सुरुवात नीट झाली की मन स्थिर होतं.

मध्येच अडलात तर म्हणा, “त्या शब्दावर परत येते,” आणि पुढे चला. “माझं काही खरं नाही, अल्झायमरच झालाय बहुतेक,” असं हसत म्हणू नका. लोक ते लक्षात ठेवतात, आणि तुमच्या मनातही ते मुरतं.

विसरण्यातला मोठा भाग नोंदच न होण्याचा

किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, कारण ठेवताना लक्ष नव्हतं. डोक्यात नोंदच झाली नाही तर आठवणार काय? ठेवताना मोठ्याने बोला: “किल्ली फ्रिजवर.” गॅस बंद करताना बोला: “गॅस बंद.” सुरुवातीला विचित्र वाटतं, पण आठवड्याभरात सवय होते.

स्वयंपाकघरात काही ठाम नियम करून टाका. दूध तापत असताना ओटा सोडायचा नाही, नाहीतर शिट्टीचा मिल्क कुकर वापरायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजण्यावर विसंबू नका, मध्ये फोन आला की मोजणी गेली. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि मोबाइलवर मिनिटांचा टायमर लावा. रात्री रेग्युलेटर बंद. रोजच्या गोळ्यांना सात खणांची डबी. मोबाइलवरून पैसे पाठवताना कुणाशी बोलायचं नाही. रक्कम आणि नाव एकदा ओठांनी वाचायचं आणि मगच पिन टाकायचा. या काळात मेंदूला दोन कामं एकदम करणं जड जातं. एका वेळी एक काम केलंत तर ते पूर्वीइतकंच नीट होतं.

शब्दकोडी सोडवा, आवडत असतील तर. पण त्याने मुख्यतः शब्दकोडी सोडवणं सुधारतं. त्यापेक्षा रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचा आणि एक बातमी कुणाला तरी आपल्या शब्दांत सांगा. गावांच्या नावांच्या भेंड्याही चांगल्या. पहिल्या अक्षरावरून शब्द शोधण्याचा तोच तर खेळ आहे.

कालनिर्णयच्या मागच्या पानावर आठ आठवडे

दूध-गॅसच्या नोंदी तुम्ही कॅलेंडरवर करताच. त्यातच चार गोष्टी घाला. पाळीचा दिवस असेल तर ‘पा’. रात्री किती तास झोप झाली तो आकडा. घामाने किंवा अंग तापून किती वेळा जाग आली, तो आकडा ‘घा’पुढे. दिवसभरात किती वेळा शब्द अडला, त्याचा अंदाज ‘श’पुढे. रात्री झोपताना अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

आठ आठवड्यांनी पान समोर घेऊन बसा. ज्या दिवशी ‘श’ मोठा आहे त्याच्या आदल्या रात्री झोप किती होती? पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतो का? जास्त अंगावर गेलं की वाढतो का? अनेकींच्या पानावर झोपेचा संबंध उघड दिसतो. इथे एक सांगायला हवं: रात्री अंग तापण्याचे जितके प्रसंग यंत्रावर नोंदले जातात, त्यापेक्षा बायकांना जाणवतात कमी. तेव्हा ‘मला काही घामबिम येत नाही’ असं वाटत असलं तरी सकाळी उशी ओलसर आहे का ते हाताने बघा.

डॉक्टरांकडे काय बोलायचं, काय तपासायचं

“डॉक्टर, विसरायला होतं हो,” एवढंच म्हणालात तर “वय झालं, टेन्शन घेऊ नका” असं उत्तर मिळण्याची शक्यता मोठी. त्याऐवजी एक चिठ्ठी न्या. वय, शेवटच्या पाळीची तारीख, मागच्या सहा पाळ्यांमधलं अंतर, कितव्या दिवसापर्यंत जातं आणि तासाला पॅड बदलावं लागतं का, रात्री किती वेळा जाग, शब्द अडल्याची दोन उदाहरणं, आणि घेत असलेली प्रत्येक गोळी, आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेलीसुद्धा.

४५च्या पुढे पाळी अनियमित आणि लक्षणं ठळक असतील तर एफएसएचची, म्हणजे अंडाशयांना चालना देणाऱ्या हार्मोनची, रक्ततपासणी सहसा लागत नाही. या काळात तो आकडा रोज बदलतो, एक दिवस नॉर्मल आला म्हणून काही सिद्ध होत नाही. चाळिशीच्या आतच पाळी जात असेल तर मात्र ती तपासणी हवी. तुमचे पैसे पुढच्या तपासण्यांवर खर्च होऊ द्या:

हिमोग्लोबिन आणि फेरिटिन. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांना रक्तक्षय आढळला. पाळी जाण्याच्या काळात अंगावर जास्त जाणं नेहमीचंच आहे, त्यामुळे लोहाचा साठा आणखी आटतो. हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे रक्तक्षय. पण ते १२च्या वर असूनही फेरिटिन, म्हणजे साठा, रिकामा असू शकतो, आणि थकवा आणि मंदपणा तिथूनच सुरू होतो. ताप किंवा सूज असताना फेरिटिन खोटं जास्त दिसतं, तेव्हा बरं वाटल्यावर तपासा. लोहाची गोळी चहासोबत किंवा जेवणावरच्या चहाआधी घेतली तर ती बरीचशी वाया जाते. चहा आणि गोळी यांत निदान एक ते दोन तासांचं अंतर ठेवा, लिंबूपाण्याबरोबर चालेल. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी. पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड घ्यायची का ते विचारा, शोषण तसंही चांगलं होतं.

बी-१२. शाकाहारी घरात ही कमतरता फार. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीसाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल घेणाऱ्यांत आणखी. २००च्या खाली आकडा म्हणजे उपचार हवाच. २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा. पायाला मुंग्या येत असतील तर वेळ घालवू नका. नुसतं फॉलिक ॲसिड घेत राहिलात तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं, हा धोका लक्षात ठेवा.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलं की वजन, बद्धकोष्ठता, थंडी वाजणं आणि विसरभोळेपणा हे सगळं येतं, अगदी पेरिमेनोपॉजसारखं. केसांसाठी बायोटिनची गोळी घेत असाल तर तपासणीच्या दोन दिवस आधी बंद ठेवा. तिच्यामुळे रिपोर्ट चुकतो. थायरॉइडची गोळी रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने, लोह-कॅल्शियम चार तासांनी. ‘गोळी चालू आहे तरी टीएसएच जास्तच’ अशा तक्रारीचं मूळ बरेचदा सकाळच्या त्या चहात सापडतं.

याशिवाय एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि रक्तदाब.

मग गोळ्यांची पिशवी उलटी करून बघा. सर्दीच्या गोळ्यांमधलं क्लोरफेनिरामिन, खोकल्याच्या औषधातलं डायफेनहायड्रामिन, लघवीच्या घाईसाठीचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठीचं अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, ही सगळी डोकं जड करतात. झोपेच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या. कुठलंही रसौषध किंवा भस्म नाव-पत्ता नसलेल्या पुडीतून घेत असाल तर ते ताबडतोब थांबवा. अशा पुड्यांत शिसं सापडलेलं आहे, आणि शिसं मेंदूलाच लागतं.

झोप: इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्या

शब्दांसाठी एकच गोष्ट करायची ठरवलीत तर ती झोपेची करा. अंथरुणावर सुती चादर, अंगात सुती गाउन; पॉलिस्टर अजिबात नको. एका जाड गोधडीऐवजी दोन पातळ पांघरुणं, म्हणजे तापलं की एक सरकवता येतं. उशाशी पाण्याचा तांब्या आणि एक कोरडा पंचा. शेवटचा चहा दुपारी तीनपर्यंत; कॉफी-चहातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही रक्तात असतं. संध्याकाळचा चहा सुटत नसेल तर अर्धा कप, पातळ. रात्रीचं जेवण झोपेच्या तीन तास आधी, आणि तिखट रस्सा दुपारी.

जाग आली आणि वीसेक मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून मंद उजेडात खुर्चीत बसा, पेंग आली की परत या. फोन हातात घेऊ नका. उठण्याची वेळ रोज एकच, रविवारीही. झोपायची वेळ थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल.

पाळी जाण्याच्या सुमारास घोरणं वाढतं. घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा पेंग हे एकत्र असेल तर झोपेत श्वास अडण्याची तपासणी करून घ्या. बायकांमध्ये हे फार उशिरा ओळखलं जातं.

चालणं आठवड्याला १५० मिनिटं, दमसास लागेल इतक्या वेगाने. आठवड्यातून दोनदा स्नायूंचं काम: खुर्चीतून हात न टेकवता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दहा वेळा जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. याने झोप आणि मन दोन्ही सावरतं.

मनाचंही बघा. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच जीव रमत नाही, रडू येतं, असं असेल तर ते धुकं नैराश्याचंही असू शकतं. या वर्षांत त्याचा धोका वाढतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

हार्मोन्स घ्यायची का

फक्त शब्द अडतात म्हणून हार्मोनचे उपचार देत नाहीत, आणि ते बरोबर आहे. पाळी नुकतीच गेलेल्या बायकांवर अमेरिकेत ‘कीप्स’ नावाचा चार वर्षांचा प्रयोग झाला. २०१५ मध्ये आलेल्या निष्कर्षांत स्मरणशक्तीला ना फायदा दिसला ना तोटा. उलट २००३ मध्ये ६५ वर्षांच्या पुढच्या बायकांमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन सुरू केल्यावर स्मृतिभ्रंश वाढलेला दिसला. म्हणजे उशिरा सुरू करायचं हे औषध नव्हे.

पण रात्री चार वेळा घामाने उठत असाल, वय साठच्या आत असेल आणि पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी या उपचारांबद्दल जरूर बोला. घाम थांबला, झोप लागली, की बरेचदा धुकंही विरतं. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर आतला थर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही झालेलं असेल तर ते आधी सांगा. हार्मोन चालत नसतील तर घाम कमी करणाऱ्या दुसऱ्या गोळ्या आहेत, आणि वर्तनोपचारही आहेत.

गर्भाशय काढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. तिशीतल्या बायकांची ‘पिशवी’ काढली गेली होती. जुनं डिस्चार्ज कार्ड काढा आणि त्यावर ‘बीएसओ’ ही इंग्रजी अक्षरं आहेत का ते बघून घ्या. असतील तर दोन्ही अंडाशयंही काढलेली आहेत आणि इस्ट्रोजेन त्याच दिवशी बंद झालं. ४५च्या आत असं झालं असेल तर नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणं हाडं, हृदय आणि मेंदू या तिन्हींसाठी सहसा योग्य मानतात. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही. विचारा.

हे पेरिमेनोपॉज नाही

बोलणं अचानक, काही मिनिटांत बिघडलं, तोंड एका बाजूला झुकलं, एक हात उचलेना: १०८ला फोन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून ‘थोडं पडून राहते’ म्हणायचं नाही.

घाई नसली तरी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं अशी चिन्हं वेगळी. ओळखीच्या रस्त्यावर चुकणं. झारा हे नाव न आठवणं चालेल. झारा हातात घेऊन त्याचं करायचं काय हेच न कळणं चालणार नाही. समोरच्याचे साधे शब्द न समजणं, नेहमीचे हिशेब न जमणं, सहा महिन्यांत सतत वाढत जाणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांच्या लक्षात येतंय पण तिला स्वतःला त्याचं काहीच वाटत नाही असं होणं. जी बाई स्वतः येऊन आपले अडलेले शब्द उदाहरणांसकट सांगते, तिची गोष्ट बहुधा साधी असते. आणि पाळी जाऊन बारा महिने झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, एकदाच आणि थेंबभर जरी, तर ते तपासून घ्यायचंच.

घरच्यांसाठी

तिचं वाक्य पहिल्या तीन सेकंदांत पूर्ण करू नका. तिला वाट सापडत असते, तुम्ही मध्येच शब्द फेकला की ती हरवते. चुकीचे अंदाज तर मुळीच नकोत, “चमचा का? डाव का? पळी का?” या माऱ्यात खरा शब्द गाडला जातो. तिने हात केला तर पहिलं अक्षर सांगा. पाहुण्यांसमोर “आईचं हल्ली असंच चाललंय” असं म्हणू नका. मागून नोंदवहीत काही लिहून ठेवायची मदत हवी का, ते एकदा निवांत विचारा.

आणि कढईतली पुरी करपायला आली असेल, तर अक्षर सांगत बसू नका. झारा द्या.